दहावीची बॅच शोधताय? कुणाचा नंबर मागण्याआधी हे वाचा

"कुणी दिला गं तुला माझा नंबर?"

सव्वीस वर्षांनी बोलणाऱ्या मैत्रिणीचं हे पहिलं वाक्य. मला वाटलं होतं ती आनंदानं ओरडेल. ती घाबरली होती. चार महिन्यांपूर्वी ती सासर सोडून दोन लेकरांना घेऊन दुसऱ्या शहरात आली होती आणि तिचा पत्ता फक्त आईला आणि भावाला ठाऊक होता. मी मात्र आदल्या रात्री आमच्या वर्गाचा फोटो गावच्या फेसबुक ग्रुपवर टाकला होता. कोणालाही दिसेल असा तो ग्रुप. खाली लिहिलं होतं, "सापडली! आता या शहरात असते." शहराचं नाव, तिचं माहेरचं नाव, सासरचं आडनाव, सगळं.

फोन चालू असतानाच मी पोस्ट काढली, पण ती ज्यांनी पाहायची त्यांनी पाहिली होती. आठ दिवसांत तिचा नवरा तिच्या दारात उभा राहिला. भाऊ वेळेवर पोहोचला म्हणून ती आणि लेकरं सुखरूप राहिली. तिला घर मात्र पुन्हा बदलावं लागलं आणि धाकट्याचं शाळेचं वर्ष गेलं.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका गावची, दहावी १९९६ची. त्या फोननंतर मी आणि दोन मैत्रिणींनी शोध थांबवला नाही, पण पद्धत सगळी बदलली. ती पद्धत इथे लिहिते आहे. मराठवाड्यात सध्या गावोगावी जुन्या बॅचचे स्नेहमेळावे होत आहेत. शोधाशोध करणाऱ्या कुणाच्या हातून माझ्यासारखी चूक होऊ नये एवढीच इच्छा आहे.

सोबत काय लागेल

- एक साधी वही. यादी मोबाईलमध्ये ठेवू नका; ती चुकून कुठेतरी फॉरवर्ड होतेच.
- वर्गाचा निरोपसमारंभाचा फोटो. मागे नावं लिहिलेला मिळाला तर उत्तम.
- घरात जपून ठेवलेल्या १९९५ ते २००५ च्या लग्नपत्रिका. कशासाठी ते पुढे सांगते.
- तुमच्या स्वतःच्या खऱ्या नावाचं, खऱ्या फोटोचं फेसबुक खातं. खोट्या नावानं शोध घेणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.
- गावात राहिलेला एक विश्वासू माणूस. आमच्याकडे हे काम आमच्या शाळेतल्या बाईंनी केलं. निवृत्त झाल्या तरी त्यांना प्रत्येकीचं माहेर तोंडपाठ आहे.

शाळेच्या कार्यालयात जाऊन जनरल रजिस्टरचे, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचे, फोटो काढू नका. त्यात जन्मतारीख, जात असं सगळं असतं. हेडमास्तर ओळखीचे असले तरी ती माहिती द्यायचा हक्क त्यांना नाही आणि मागायचा आपल्याला नाही.

१. आधी स्वतःचं खातं नीट करा

शोधायला निघालात की तुम्हीही दिसू लागता. शंभर अनोळखी प्रोफाइल उघडणार, ग्रुपमध्ये लिहिणार, तेव्हा तुमच्याकडेही शंभर जण वळून बघणार. म्हणून अर्धा तास काढा आणि हे करा.

फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'तुमच्या फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं' हा पर्याय आहे. तो 'ओन्ली मी' करा. मित्रयादीही फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण बरीच फसवणूक इथूनच होते. भामटे तुमचा फोटो आणि नाव घेऊन दुसरं खातं उघडतात, तुमच्या मित्रयादीतल्या प्रत्येकाला रिक्वेस्ट पाठवतात आणि दवाखान्यासाठी पैसे मागतात. यादीच दिसली नाही तर त्यांना सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. तुम्हाला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. इन्स्टाग्रामचं खातं प्रायव्हेट करा.

भारतात २०२० पासून फेसबुक प्रोफाइलला कुलूप लावण्याची सोय आहे. अनोळखी माणसाला तुमचे फोटो आणि पोस्ट दिसत नाहीत, प्रोफाइल फोटो मोठा करून पाहता येत नाही. सोय चांगली आहे, पण शोध घेणाऱ्यानं एक विचार करावा. कुलूपबंद प्रोफाइलवरून आलेला निरोप समोरच्या बाईला कोणाचा वाटेल? मी कुलूप काढलं, जुन्या सगळ्या पोस्ट 'लिमिट पास्ट पोस्ट्स' वापरून मित्रांपुरत्या केल्या आणि एक चेहऱ्याचा स्पष्ट फोटो, गावाचं नाव आणि शाळेचं नाव एवढंच उघडं ठेवलं. नवऱ्याचे, लेकरांचे फोटो बंद. तिला मला ओळखता येतं, माझं घर कळत नाही.

२. गावाचं नाव आणि जिल्हा दोन्ही जुने धरून शोधा

इथे नवखे लोक फार वेळ घालवतात. मराठवाड्यातला माणूस कुठला आहे, याची नोंद त्यानं खातं कधी उघडलं त्यावर ठरते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. जालना १९८१ मध्ये झाला. हिंगोली तर १९९९ पर्यंत परभणीतच होतं. त्यामुळे कळमनुरीकडचा पन्नाशीचा माणूस आजही गाव सांगताना परभणी लिहू शकतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण दहा वर्षांपूर्वी भरलेल्या प्रोफाइलमध्ये जुनंच नाव बसलेलं आहे. दोन्ही नावं टाकून बघा.

कॉलेजचंही तसंच. १९५८ साली सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आलं आणि लातूर-नांदेड-परभणीकडची कॉलेजं तिकडे गेली. एकाच घरातल्या मोठ्या बहिणीच्या पदवीवर एक विद्यापीठ आणि धाकटीच्या पदवीवर दुसरं, असं होतं.

आमच्या वर्गात आठवीला एक मुलगी आली होती, किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तिचं घर गेलं आणि मामानं तिला आमच्या गावी आणलं. वर्षभर शिकली आणि गेली. तिला शोधताना कळलं की गावाचं नाव टाकून शोधलं तर जे सापडतं ते पुनर्वसित गाव. घरं नवी, गल्ल्या नव्या, शेजार नवा. जुनी गल्ली विचारली तर तिशीतल्या पोरांना ती माहीतच नाही. तिथे गावातल्या म्हाताऱ्या माणसालाच विचारावं लागतं. आणि अशा माणसाला पहिला निरोप लिहिताना भूकंपाचा विषय काढू नका. तिनं काढला तर ऐका.

नावाचं स्पेलिंग हा वेगळाच घोळ. 'ज्ञानेश्वर' कुणी इंग्रजीत डीनं सुरू करतं, कुणी जीनं. शाळेत ज्ञानेश्वर असलेला फेसबुकवर माउली असतो. काही जण आडनाव टाकून देतात आणि गावाला 'कर' लावतात. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिप्यांत शोधा आणि टोपणनाव टाकून एकदा नक्की शोधा.

३. मुलींचा शोध वेगळा घ्यावा लागतो

मुलं लवकर सापडतात. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं दोन महिन्यांत सापडली. मुलींना दोन वर्षं लागली.

कारण साधं आहे. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि आपल्याकडे कित्येक घरांत ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहून पहिलं नावही बदलतात. वर्गातली सुनीता सासरी गेली आणि प्रतिभा झाली. आता फेसबुकवर सुनीताला कितीही शोधा.

इथे लग्नपत्रिका कामाला येते. 'चि. सौ. कां.' पुढे माहेरचं नाव असतं, खाली वराचं पूर्ण नाव आणि त्याचं गाव. घरातल्या जुन्या ट्रंकेतून आम्हाला अकरा पत्रिका मिळाल्या आणि त्यांतून अकरा आडनावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आडनाव मिळालं म्हणून नवऱ्याला, दिराला किंवा सासरच्या कुणाला मेसेज करू नका. कुणाच्या घरात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं. पुरुष वर्गमित्रानं तर अजिबात नको. "तुमच्या मिसेस आमच्या वर्गात होत्या" हे वाक्य तुम्हाला निर्मळ वाटतं, पण त्याचा जाब तिला द्यावा लागू शकतो. आमच्या एका मैत्रिणीला महिनाभर फोन वापरू दिला नव्हता. त्यामुळे नियम केला: मुलीला मुलगीच शोधेल आणि रस्ता माहेरचाच असेल.

माहेरचा रस्ता म्हणजे आई, बहीण किंवा वहिनी. त्यांच्याकडे नंबर मागायचा नाही. आपला नंबर द्यायचा. "वहिनी, ताईला सांगा, मी विचारत होते. तिला वाटलं तर तिनं करावा फोन." एवढंच. दिवाळीला किंवा पंचमीला लेकी माहेरी येतात, तेव्हा प्रत्यक्ष भेटायला गेलात तर सगळ्यात बरं. आमच्या बाईंनी एका पंचमीला झाडाखाली झोका खेळणाऱ्या बायकांत तिघींना गाठलं. फेसबुकला दोन वर्षांत जे जमलं नाही, ते एका दुपारी झालं.

एक रस्ता कृपा करून वापरू नका: वधू-वर मंडळांचे व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे फिरणाऱ्या बायोडाट्यांत जन्मतारीख, जन्मवेळ, आईचं माहेर, मामांची आडनावं, एकरांत जमीन, वडिलांचा नंबर असं सगळं असतं. मैत्रिणीच्या मुलीचा बायोडाटा सापडला तर तिच्यापर्यंत पोहोचता येतं, हे खरं. पण तो कागद सोयरिकीसाठी दिलेला आहे. आणि तुमच्या घरात कुणाचा बायोडाटा काढायचा असेल तर जन्मतारखेऐवजी नुसतं वय लिहा, बाकीचं बोलणी सुरू झाल्यावर द्या.

४. फेसबुकवर शोध

शोधात नाव टाकल्यावर 'पीपल' निवडा, मग शहर आणि शिक्षण यांची चाळणी लावा. नाही सापडलं तर ज्या वर्गमित्राशी तिची गावाकडची ओळख असेल, त्याच्या मित्रयादीत बघा, ती उघडी असेल तरच.

सापडल्यासारखं वाटलं की थांबा. प्रोफाइलवरच्या फोटोंना पटापट लाइक करत सुटू नका. तिच्या लेकराच्या वाढदिवसाच्या फोटोखाली "ओळखलंस का?" असं लिहू नका. ते तिचं सगळं गणगोत वाचतं. स्क्रीनशॉट काढून "हीच का ती?" म्हणून ग्रुपमध्ये टाकू नका. विचारायचं तर दोघींनाच, फोनवर, तोंडी.

५. पहिला निरोप

मित्रयादीत नसलेल्याचा निरोप 'मेसेज रिक्वेस्ट'मध्ये जाऊन पडतो आणि कित्येकींना असा कप्पा असतो हेच माहीत नाही. महिना-दोन महिने उत्तर आलं नाही म्हणजे ती शिष्ट झाली, असं नव्हे. तिनं रिक्वेस्ट स्वीकारली नाही तर तिनं वाचलं की नाही तेही तुम्हाला कळत नाही, आणि ते चांगलंच आहे.

आम्ही पाठवत होतो तो मजकूर असा:

"नमस्कार. मी केज तालुक्यातल्या शाळेत १९९६ ला दहावीला होते, खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर. आपल्याला गणित शिकवणारे सर पाढा चुकला की खडू फेकून मारायचे. तुम्ही त्याच वर्गातल्या असाल तर आणि बोलावंसं वाटलं तर उत्तर द्या. नसाल तर त्रासाबद्दल माफ करा."

यात तिचं जुनं नाव नाही, कुणाच्या घराचा उल्लेख नाही. फोन दुसऱ्याच्या हातात असला तरी तिला काही सांगत बसावं लागत नाही. मात्र खडूचा उल्लेख वाचून जी त्या वर्गात होती ती हसतेच. तुमच्या शाळेतली अशी एखादी खूण निवडा. 'तुम्ही'च लिहा. 'अगं'वर यायचं ते तिच्या उत्तरानंतर.

निरोप एकदाच. व्हॉट्सॲपवर दुसरा, इन्स्टाग्रामवर तिसरा, असं चारी बाजूंनी घेरू नका. पुरुषांना एक गोष्ट स्पष्ट सांगते: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, बाईनं नको म्हटल्याचं स्पष्ट दिसत असतानाही पुन्हा पुन्हा संपर्क करणं, किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर नजर ठेवणं, हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. शाळेतली ओळख ही त्यातली सूट नाही.

६. समोर खरंच तीच आहे का, ते पाहा

उत्तर आलं की आपण हुरळून जातो. तेवढ्यात फसगत होते. एक-दोन साधे प्रश्न विचारा, पण ज्यांची उत्तरं फेसबुकवर सापडणार नाहीत असे. शाळेचं नाव कुणीही सांगेल. पाण्याची टाकी कुठे होती, हे वर्गातलीच सांगेल. मग एक छोटा व्हिडिओ कॉल, तिला चालत असेल तर. पैशाचा विषय निघाला तर आधी दुसऱ्या नंबरवरून तिच्या माहेरी विचारा.

जुन्या नंबरचीही खात्री करा. आमचे काही वर्गमित्र ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. रिचार्ज संपतं, सिम बंद पडतं. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देते. एकाच्या जुन्या नंबरवर आम्ही वर्गाचा फोटो पाठवला आणि तो भलत्याच माणसाला गेला. तेव्हापासून आधी फोन, मग फोटो.

पैसे पाठवायच्या ॲपमध्ये नंबर टाकला की खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं, हे पुष्कळांना माहीत आहे. तिनं स्वतः नंबर दिला असेल तर खात्रीसाठी ते बघणं मला ठीक वाटतं. दुसऱ्याकडून मिळालेल्या नंबराचं नाव असं हुडकून काढणं ठीक वाटत नाही. आणि लक्षात ठेवा, तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे त्यालाही तुमचं नाव असंच दिसतं.

७. ग्रुप काढाल तेव्हा

व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. म्हणून विचारल्याशिवाय कुणालाही घ्यायचं नाही. लिंक फेसबुकवर टाकायची नाही. नवीन माणूस ॲडमिनच्या परवानगीनंच येईल, असा पर्याय सुरू ठेवायचा. आम्ही बायकांचा ग्रुप वेगळा काढला आणि मोठ्या ग्रुपमध्ये यायचं की नाही ते प्रत्येकीवर सोडलं. तिघी नाही म्हणाल्या. त्यांना कारण विचारलं नाही.

स्नेहमेळाव्याचे फोटो त्याच दिवशी फेसबुकवर टाकायचे नाहीत, हे सुरुवातीलाच माईकवर सांगा. ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांच्यासाठी आम्ही एक ओळ बाजूला ठेवली होती. कुणाला अवघड वाटलं नाही. आणि सगळ्यांचे नंबर, पत्ते, जन्मतारखा असलेली छापील पुस्तिका काढायचा मोह टाळा. शेजारच्या गावात एका बॅचनं काढली. पंधरा दिवसांत त्यातल्या दोघांच्या नावानं पैसे मागणारे फोन सुरू झाले.

८. बिघडलंच तर

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडकण्याची शक्यता जास्त. बाकी तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येतात. बायका आणि लेकरांविषयीची काही प्रकारची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. तुमच्या नावाचं खोटं खातं निघालं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६क (66C) आणि ६६ड (66D) कामी येतात. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

ठाण्यात जाताना खोट्या खात्याच्या लिंकची प्रत, तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा मेसेज आणि स्वतःचं ओळखपत्र न्या. रागाच्या भरात आधी चॅट पुसून टाकू नका. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं सांगितलं तर झिरो एफआयआर मागा. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

कुणी म्हणेल, गावातल्या माणसाला कसलं आलंय खासगीपण, सगळे सगळ्यांना ओळखतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तो गावातल्या माणसालाही तितकाच लागू आहे. सासर सोडून आलेल्या माझ्या मैत्रिणीला तर सगळ्यांत आधी.

९. उत्तर आलं नाही तर

काही करायचं नाही.

आमच्या ५८ जणांच्या वर्गातले चौघे वारले. त्यांच्या घरी जाऊन आलो. चौघींना निरोप पाठवलाय, उत्तर आलेलं नाही. त्यांतली एक रोज फेसबुकवर दिसते, देवांचे फोटो टाकते. तिला दुसरा निरोप पाठवलेला नाही. वहीत तिच्या नावापुढे पहिल्या निरोपाची तारीख आहे, आणि पुढचा रकाना कोरा आहे.